कृश देह आणि वाढता मेद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीही गणना निंदितांत केली आहे. परंतु पिशोर परिसरात आज आम्हांस वारंवार भेटणारा रुग्ण यांपैकी कोणत्याच गटात सरळ बसत नाही. हातपाय बारीक, गाल बसलेले, वजन बेताचेच. उदर मात्र पुढे आलेले आणि रक्तातील साखर वाढलेली. 'अंगाला काही लागत नाही' ही त्याची तक्रार, आणि 'वजन वाढेल असे काही द्या' ही मागणी.

या देहप्रकाराकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष महाराष्ट्रातूनच वेधले गेले, हे आपण ध्यानात घ्यावे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपलेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात तर नवजात बालकांतही हेच आढळले : वजन कमी, मांस कमी, त्या मानाने मेद टिकून.

आपल्या शास्त्रास हे अपरिचित नाही. मेदाने मार्ग आवृत झाले की मेदच वाढतो व इतर धातूंचे पोषण होत नाही, असे चरकांनी सांगितले आहे. प्रमेहचिकित्सेत तर त्यांनी स्थूल व कृश असे दोन स्वतंत्र प्रमेही मानले आहेत. काही वैद्यबंधू म्हणतील, कृश प्रमेहीस बृंहण सांगितलेच आहे. खरे आहे, परंतु बृंहण म्हणजे साखरेचा पाक नव्हे. जव, मूग व तिक्त शाक यांना प्रमेहात दिलेले स्थान विसरून केलेले बृंहण मेदालाच पोसते.

आहारही पालटला आहे. बाजरी-ज्वारीची भाकरी, डाळ व पालेभाजीच्या जागी पांढरा भात, मैद्याची बिस्किटे, फरसाण आणि दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा आला. शेतात मका उभा असतो, पण तो ताटात क्वचितच येतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले. तेवढ्याने भाकरी ताटात परतली नाही. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर व्यायामही घटला.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, केवळ वजनकाट्यावर विसंबून चिकित्सा करू नये. प्रत्येक चिकित्सालयात मोजपट्टी असावी. पुरुषाचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास, रुग्ण कृश दिसला तरी रक्तशर्करा तपासावी. वजन घटण्यामागे मधुमेह वा क्षयरोग नाही याची खात्री झाल्याखेरीज अश्वगंधादि लेह वा च्यवनप्राश देऊ नये.

औषधी विक्रेत्यांनाही एक विनंती. वजन वाढविणाऱ्या, लेबल नसलेल्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. स्थौल्य व मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हेही विसरू नये. एका बरणीचा नफा लहान असतो. चुकीच्या बृंहणाची किंमत मात्र रुग्णाला आयुष्यभर मोजावी लागते. आयुर्वेदाची पत त्याच काउंटरवर ठरते, याचा आपण सर्वांनी विचार करावा.