उसना वेळ

पाडव्याच्या सकाळी गुढीला कडुनिंबाची डहाळी बांधायची आणि तिचीच कोवळी पाने गूळ, ओवा व भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून वाटून चिमूटभर तोंडात टाकायची, ही रीत आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलेली नसते. ‘खा, रक्त शुद्ध होतं,’ एवढे आजीचे सांगणे पुरते. वर्षभर हे काम आपली मूत्रपिंडे कसलाही बोभाटा न करता करीत असतात. दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळायचा, त्यातला दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकायचा.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसने गाठले, शेतात घोणस चावली किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला, की ही मूत्रपिंडे अकस्मात थांबू शकतात. मग अतिदक्षता विभागात खाटेशी यंत्र येते. मानेच्या शिरेतून रक्त बाहेर काढायचे, केसाएवढ्या पोकळ तंतूंच्या जुडीतून गाळायचे आणि परत सोडायचे. रक्तदाब ढासळलेल्याला नेहमीचे चार तासांचे डायलिसिस सोसत नाही. त्याच्यासाठी तेच काम रात्रंदिवस, धिम्या गतीने चालते. फुप्फुसेच हरली, तर एक्मोचे यंत्र शरीराबाहेर रक्ताला प्राणवायू देते.

नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये 1943 साली विलेम कोल्फ या डॉक्टरने सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनाची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून रक्त गाळणारे पहिले यंत्र उभारले. सुरुवातीचे रुग्ण एकामागून एक दगावले. 1945 मध्ये मात्र 67 वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली, आणि पुढे तिची स्वतःची मूत्रपिंडे पुन्हा कामाला लागली.

या यंत्रांचे मर्म इथेच आहे. ती बरे करीत नाहीत. शरीराला सावरायला वेळ उसना देतात. म्हणूनच अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेले नातलग दुसरे काही न विचारता ‘लघवी झाली का?’ एवढेच विचारतात. सणाच्या दिवशीही नर्स तासातासाला खाटेखालची पिशवी पाहून आकडा लिहीत असते, आणि कित्येक कोरड्या दिवसांनी तिथे पिवळसर धार दिसली, की त्या घरचे नवे वर्ष त्या घटकेला सुरू होते.

उसने घेतलेले फेडावे लागते, हे आपण जाणतोच. मनानेच वेदनाशामक गोळ्या घेत न राहणे, रक्तदाब-साखर वेळेवर तपासणे, साप चावलेल्याला मांत्रिकाकडे न नेता थेट दवाखान्यात पोचवणे आणि तालुक्याच्या रुग्णालयातही असे यंत्र व ते चालवणारे हात असावेत म्हणून आग्रह धरणे, ही ती फेड. पाडव्याच्या कडू घासाबरोबर एवढे जरी आपण गळी उतरवले, तरी आजीचे सांगणे ऐकल्यासारखे होईल.