बस्ता पुन्हा माळ्यावर टाकण्याआधी

गेल्या दोन-तीन वर्षांत नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत माळ्यावरचे बस्ते खाली आले. 2023 च्या सप्टेंबरात शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या कागदांना ऊन दिसलं. मोडी वाचणाऱ्याला आणि उर्दू वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. माझं म्हणणं त्या बस्त्यापुरतं आहे. कामाचा कागद सापडला की बाकीचे तसेच गुंडाळून परत माळ्यावर जातात. जाऊ द्या, पण त्याआधी प्रत्येक कागदासोबत एक टीप लिहून ठेवा.

टीप लिहायला पंडित लागत नाही. कागदावर जे आहे ते पुढच्या वाचणाऱ्याला कळावं म्हणून जाणत्या माणसाने लिहिलेल्या चार ओळी, एवढंच. या चार ओळी नसल्या तर काय होतं ते बघा. समजा, तुमच्या पणजोबांचा कर्जरोखा आहे. त्यावर सन 1347 फसली, महिना आबान, रक्कम सातशे रुपये हाळी, तालुका उदगीर, जिल्हा बीदर असं लिहिलेलं आहे. मोडी वाचणाऱ्याने अक्षर न् अक्षर लावून दिलं, तरी तुमच्या मुलाला त्यातून काय कळणार? 1347 साल बघून त्याला वाटेल, कागद बहामनी सुलतानाच्या काळातला आहे.

आता यावर टीप लिहू. हैदराबाद संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. कागद ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर फसली सनात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढचा असेल तर 591. महिन्यांची नावं फारसी. आजुर पहिला, आबान शेवटचा. म्हणजे आपला कागद 1938 सालच्या सप्टेंबरच्या आसपासचा झाला. हाळी म्हणजे निजामाचा शिक्का. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सात हाळी रुपयांचे सहा कलदार व्हायचे, तेव्हा पणजोबांनी कलदारात सहाशे उचलले होते. त्या काळी हा आकडा लहान नव्हता.

राहिला जिल्हा. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते इकडे उस्मानाबादेत आले, आणि 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा लातुरात. नांदेडकडेही तसंच. किनवट आदिलाबादेतून आलं, मुधोळ-भैसा तिकडे गेलं. एकाच शेताचे तीन कागद तीन जिल्ह्यांच्या नावाने असू शकतात आणि तिन्ही खरे असतात. टीप नसेल तर नातू म्हणेल, हे कागद आपले नाहीतच. असे कागद रद्दीत गेल्याचं मी पाहिलं आहे.

हे सगळं आज कुणाला सांगता येतं? ज्याचे वडील पटवारी होते त्याला. उर्दूत चौथीपर्यंत शिकलेल्या, नव्वदीला टेकलेल्या एखाद्या आजोबांना. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची कचेरी उर्दूत चालायची, हे ज्यांनी पाहिलं त्यांतली किती माणसं उरलीत ते तुम्हीच आपल्या गावात मोजा.

हा उपाय मी शोधून काढलेला नाही. आपल्याच मुलखात सातशे वर्षांपूर्वी तो करून झाला आहे, आणि फार काटेकोरपणे. नांदेड जिल्ह्यातलं माहूर महानुभावांचं मोठं ठिकाण. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने गोळा केल्या. स्वामींचा ज्यांना सहवास घडला होता त्या माणसांना गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून घेत त्याने लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे केसोबासांनी त्यातून स्वामींची वचनं वेचून वेगळी काढली, तो सूत्रपाठ. पाठांतराला सोपा. पण यात एक अडचण होती. प्रसंगातून उचललेलं वाक्य कुणी कसंही वाचू शकतं. बाप जेवताना पोराला थट्टेने एक बोलतो आणि शेतावर रागाने तेच बोलतो, अर्थ दोन होतात. त्या मंडळींना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथ झाला. अमुक सूत्र कोणत्या गावी, कुणाला उद्देशून, कशावरून निघालं, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. त्यानंतर लक्षणं आली, स्थळं आली, भाष्यं आली. स्वामी कुठल्या गावी, कुठल्या देवळात उतरले होते, याची नोंद करणारी स्थानपोथी आली. मराठी गद्य नुकतं कुठे उभं राहत होतं आणि त्याला लागूनच टिपांचा एवढा मोठा पसारा उभा राहिला.

मला त्यातली सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली आणि ग्रंथ पुन्हा आठवणींवरून लिहावा लागला. आठवणी जुळेनात. अशा वेळी एकाचं खरं धरून दुसऱ्याचं खोडून टाकणं सोपं होतं. पोथ्यांमधून मात्र अमक्याच्या सांगण्यात असं, तमक्याच्या सांगण्यात तसं, अशी दोन्हींची नोंद राहिली. तुमच्या घरीही हेच होणार आहे. फोटोतली बाई कोण, यावर आत्या एक सांगेल आणि चुलते दुसरं. भांडण सोडवायला जाऊ नका. दोन्ही लिहा, कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहा.

आणि तुमच्या घरी जी भाषा बोलतात तीतच लिहा. नागदेवाचार्यांचा आग्रह मराठीचाच होता. संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित राहतील, ही त्यांची काळजी होती. टीप ज्याच्यासाठी लिहायची त्याला ती कळली पाहिजे. कचेरीच्या भाषेत लिहिलेल्या टिपेला पुन्हा टीप लावावी लागते.

तसं पाहिलं तर मराठी वाङ्मयाचं निम्मं वैभव टीकेतलंच आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. एकनाथी भागवत हे भागवताच्या एकादश स्कंधावरचं विवरण. शेजारच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी गीतेवर गीतार्णव लिहिला तो सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. सातशे श्लोकांना सव्वा लाख! इतकी टीप तुम्ही कर्जरोख्याला लिहू नका. नांदेडचं नाव तर संस्कृत व्याकरणातही निघतं. शेष घराण्याचं मूळ नांदेडचं मानतात. त्या घराण्यातल्या शेषकृष्णाने काशीत बसून प्रक्रियाकौमुदीवर टीका लिहिली. त्याचाच शिष्य भट्टोजी दीक्षित. त्याने आपल्या ग्रंथावर स्वतःच टीका लिहिली आणि तीत गुरूची मतं खोडली. मग शेष परंपरेतला जगन्नाथ पंडित चिडला आणि त्याने भट्टोजीच्या टीकेवर तुटून पडणारा ग्रंथ लिहिला. टिपेवरून माणसं किती भांडू शकतात याचा हा नमुना.

या लोकांकडून एक शिस्त मात्र घ्यावी. जुन्या पोथीत मूळ आणि टीका यांची जागा ठरलेली असे. त्रिपाठी पोथीत मूळ मधोमध, मोठ्या अक्षरात, आणि टीका वर-खाली बारीक अक्षरात. पंचपाठीत ती डाव्या-उजव्या समासातही जाई. यहुद्यांच्या तालमूदच्या छापील पानावर अकराव्या शतकातल्या राशीचं भाष्य असंच मुळाच्या कडेने छापतात. इतक्या दूरच्या लोकांनाही तीच युक्ती सुचली, कारण भीती तीच होती. कडेची ओळ मुळात शिरली की पुढच्या नकलेत ती मूळच होऊन बसते. ज्ञानेश्वरीत अशी भर पडत गेली होती. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. त्यांना हे बजावावं लागलं, यावरून त्याआधी काय चाललं होतं ते समजा.

तेव्हा मूळ कागदावर बॉलपेनने काही लिहू नका. कोरा कागद घ्या, त्यावर लिहा, आणि दोन्ही एका पाकिटात ठेवा. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षर खातो. लॅमिनेशनही नको, एकदा चिकटलं की कागद सुटत नाही. मोबाईलवर फोटो जरूर काढा, पण कागद आणि टीप एकाच फोटोत येऊ द्या. नाहीतर वर्षभराने नुसता फोटो राहतो.

टिपेत लिहायचं काय, हे प्रकरणवशाच्या कर्त्याने ठरवून दिलेलंच आहे. कुणी, कुणाला, कुठे, कधी, कशावरून. त्याच्या जोडीला आजच्या माणसाला न कळणारे शब्द. खासरा, सेतवार, सर्फ-ए-खास, मदतमाश यांचा साधा अर्थ द्या. धान्याचं माप असेल तर ते कुठल्या बाजाराच्या पायलीचं हे विचारा, कारण पायली सगळीकडे सारखी नव्हती. शेताचं गावठी नाव असेल, लिंबाचं वावर, बारवेचा पट्टा, तर आजचा गट नंबर शेजारी लिहा. हे गावठी नाव गट नंबराशी जोडू शकणारा माणूस प्रत्येक घरात एखादाच असतो. आणि खाली आपलं नाव व तारीख. ही माहिती आजोबांनी सांगितली की तुम्ही अंदाजाने लिहिली, हे स्पष्ट असू द्या. अंदाज करायला हरकत नाही. पण बेनामी अंदाज पुढच्या पिढीत पुरावा म्हणून फिरतो, आणि आजकाल त्यावर अर्जही केले जातात.

लातूरच्या वाचकांना आणखी एक सांगायचं आहे. तुमच्या गावात ‘नोट्स’ हा शब्द जितका चालतो तितका क्वचितच कुठे चालत असेल. नीटच्या तयारीला महाराष्ट्रभरातून पोरं येतात, झेरॉक्सच्या दुकानांवर नोट्सच्या थप्प्या लागतात. त्यात वाईट काही नाही. पण मूळ पुस्तक न उघडता दुसऱ्याच्या टिपा पाठ करायच्या म्हणजे त्या टिपा कशावरच्या हेच कळत नाही. पोराला विकतच्या नोट्स देत असाल तर द्या. त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या समासात मात्र त्याच्या स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं दिसतं का, ते एकदा बघा. समास कोरा असेल तर फी भरून झाली आहे, वाचन व्हायचं आहे.

छापील टीप आणि प्रस्तावना ओलांडून जायची सवय मोठ्यांनाही आहे. सेतुमाधवराव पगडी निलंग्याचे, जन्म 1910 चा. औरंगजेबाच्या फौजेबरोबर दक्षिणेत हिंडलेल्या भीमसेन सक्सेनाचं फारसी कथन त्यांनी मराठीत आणलं. असं पुस्तक वाचताना मनसबदार किंवा बक्षी म्हणजे कोण हे न पाहता पानं उलटली, तर निव्वळ लढाया हाती लागतात. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून छापलं आहे. कादंबरी दोनदा वाचलेली आणि प्रस्तावना एकदाही न वाचलेली माणसं मला नांदेडातच भेटतात. त्यांनी आधी ते पत्र वाचावं आणि मग कादंबरी पुन्हा उघडावी.

तर बस्ता सोडायचा कुठून? बहुतेक जण सर्वांत जुना कागद आधी घेतात. तसं करू नका. कागदाला घाई नाही, तो इतकी वर्षं थांबला आहे. घरातलं सर्वांत वयस्कर माणूस आधी गाठा, मग ती चुलत घराण्यातली आजी असो की गावातला जुना पोलीस पाटील. त्यांना ओळखता येईल असा फोटो किंवा कागद त्यांच्या हातात द्या आणि ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. एका बैठकीत दोन-तीन कागद पुरे, त्याहून जास्त केले की ते थकतात आणि मग हो ला हो करतात. त्यांना आठवत नसेल तर तेही लिहा: अमुक तारखेला विचारलं, आठवलं नाही. पुढच्या माणसाचा तोच प्रश्न विचारण्याचा एक हेलपाटा वाचेल. मोडीतले कागद वाचून घ्यायला वेळ लागतो, ते नंतर करता येतं. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात, घरातल्या एखाद्या पोरीला किंवा पोराला तिथे पाठवा, म्हणजे पुढचे बस्ते वाचायला बाहेरचा माणूस शोधावा लागणार नाही.