'अंदाजे' म्हणजे नक्की किती?

पाककृती सांगणाऱ्या तमाम मराठी मंडळींवर माझा एक जाहीर आरोप आहे. तुम्ही पाककृती सांगतच नाही! जिन्नसांची यादी देता, वर 'मीठ चवीनुसार, पाणी अंदाजे, कुकरच्या तीन शिट्ट्या' असं ठोकून देता आणि समोरच्याचा पदार्थ फसला की "सवयीनं येतं हो" म्हणून मोकळे. अरे, सवय असती तर त्याने विचारलं कशाला असतं?

आमच्या धंद्यात कोणी 'सर्व्हरला मेमरी अंदाजे द्या, लोड बघून रीस्टार्ट करा' असं डॉक्युमेंटेशन लिहिलं, तर रात्री दोन वाजता ज्याची झोपमोड होते तो लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. स्वयंपाकघरात मात्र हेच चालतं, आणि वर त्याचं कौतुक.

एकेक घेऊ. 'एक वाटी'. कुठली? आमटीची की श्रीखंडाची? आणि २४० मिलीच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम मावते, कणीक जेमतेम १२० ते १३०. 'तीन शिट्ट्या'. मोठ्या आचेवरचा अर्धा कुकर आणि बारीक आचेवरचा गच्च भरलेला कुकर यांच्या तीन शिट्ट्यांत कितीतरी मिनिटांचा फरक पडतो. शिट्टी हे वेळेचं एकक नाही. प्रेशर आल्यावर आच बारीक करून किती मिनिटं, ते सांगा ना! 'मीठ चवीनुसार'. मटणाला मीठ लावून ठेवताना कच्च्या मटणाची चव बघायची की काय?

यावर ठरलेलं उत्तर येतं: जिन्नस दरवेळी सारखे नसतात. बरोबर आहे. जुना तांदूळ नव्यापेक्षा जास्त पाणी पितो. पण म्हणूनच मापासोबत खूण द्यायची असते. 'मसाल्याला तेल सुटेपर्यंत', 'पाकाला एक तार येईपर्यंत' या पक्क्या खुणा आहेत, त्यात अंदाज काही नाही. अनारसा तुपात 'हसला', म्हणजे विरून पसरला, तर पिठात गूळ जास्त झालाय, थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळून घ्या. बघा, एका वाक्यात चूक, कारण आणि उपाय! आपल्या आज्यांकडे अशी पोतंभर माहिती होती आणि आहे. आपण ती उतरवून घेत नाही, कारण आपल्याकडे एक सोयीस्कर वाक्य आहे: "तिच्या हाताला चवच वेगळी!"

माझा खरा राग या वाक्यावर आहे. वरवर कौतुक वाटतं, पण त्याचा अर्थ असा की तिला जे येतं ते कौशल्य नाही, दैवी देणगी आहे. म्हणून ते आपण शिकायची गरज नाही, आणि चाळीस वर्षं तिनेच ओट्याशी उभं राहणं ओघानं आलंच. मग एक दिवस ती जाते आणि तिचं पुरणही तिच्याबरोबर जातं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्यांनी वाटी-चमच्यानं का होईना, पण मापं दिली, म्हणून घरापासून लांब पडलेल्या कित्येकांच्या ताटात नीट जेवण आलं.

"पण आजीला मापं माहीतच नसतात!" असू देत. मापणं हे शिकणाऱ्याचं काम आहे. तिने पीठ घ्यायच्या आधी डबा काट्यावर ठेवा, घेतल्यावर परत ठेवा, वजाबाकी करा. झालं! तिला एक शब्द विचारावा लागत नाही. काट्याला पैसे किती पडतात? एका पिझ्झ्याच्या आसपास.

आता ज्यांना पाककृतींच्या देवाणघेवाणीत नव्याने उतरायचंय त्यांच्यासाठी. सुरुवात स्वतःची 'खास' पाककृती वाटून करू नका. आधी दुसऱ्याची एक करून बघा, जशी दिलीय तशीच. 'पनीरऐवजी टोफू घातला, साखर निम्मी केली, नाही जमलं' हा अभिप्राय नव्हे, हा वेगळाच पदार्थ आहे. कुठे अडलं, किती वेळ लागला, काय बिघडलं ते त्या माणसाला कळवा. नुसत्या 'तोंपासु' पेक्षा त्याला याचा शंभरपट उपयोग आहे. मग स्वतःचं एखादं साधं पिठलं लिहा, ज्याला चहापलीकडे काही येत नाही अशा मित्राच्या हातात द्या आणि तोंड बंद ठेवून बाजूला उभे राहा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे पाककृती अपुरी आहे. ती ओळ दुरुस्त करा. कोणाकडून शिकलात तिचं नावही लिहा, आणि एखादा जिन्नस 'गुपित' म्हणून गाळणार असाल तर मुळात सांगूच नका.

असो. आता 'सवयीनं येतं'वाले भांडायला येतीलच. जरूर यावं, फक्त येताना वजनकाटा घेऊन यावं.