मनाच्या आजारास आरोग्यखात्याच्या दारीं जागा हवी

हिरकणीवाडी हें रायगडाच्या पायथ्याचें गांव. तान्ह्या लेकरासाठीं अंधारांत गडाचा कडा उतरून आलेल्या गवळणीची कथा आपल्याकडे लहानथोरांस ठाऊक आहे. तिच्या धैर्याचें कौतुक आपण सर्वच करितों. परंतु त्या रात्रीनंतर तिच्या मनाची अवस्था काय झाली असेल, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें आपल्या आरोग्यखात्याचेंही थोडेंबहुत असेंच झालें आहे.

ता. 22 जुलै 2021 रोजीं, ऐन लावणीच्या दिवसांत, महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्याच पावसांत पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे व सुतारवाडी येथेंही प्राणहानि झाली. जुलै 2005 मध्यें जुई, दासगांव, रोहन व कोंडीवते या गांवांवर हाच प्रसंग गुदरला होता. अशा वेळीं जखमींवर उपचार होतात, सांथ पसरूं नये म्हणून पाण्यांत औषध टाकलें जातें. हें काम स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्याचीं माणसें मातीखालीं गेलीं, त्यास पुढल्या प्रत्येक आषाढांत झोंप येईनाशी झाली, सरींचा आवाज वाढतांच त्याची छाती धडधडूं लागली, किंवा तो दारूच्या आहारीं गेला, तर त्याची नोंद कोणत्या वहींत होते? हिंवताप जसा खात्याचा विषय, तसाच हाही असला पाहिजे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 सालीं झाला. सरकारी खर्चानें चालणाऱ्या आरोग्यसेवेंत मनाच्या आजारावर उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क आहे, असें त्यांत मानिलें आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तर 1996 पासूनचा. परंतु जिल्ह्याचें ठिकाण अलिबाग हें महाडापासून सुमारें शंभर किलोमीटर दूर. लावणी टाकून व गाडीभाडें भरून तेथवर कोण जाणार? त्यांतून वेडा म्हणून नांव पडण्याची भीति निराळीच. गांवाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तापखोकल्याच्या रांगेंतच हाही रोगी बसला, तर त्याच्याकडे कोणी बोट दाखविणार नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आधींच माणसें अपुरीं, त्यांत हें नवें ओझें कशाला? आक्षेप खोटा नाहीं. तथापि विदर्भांतील अनुभव पाहण्याजोगा आहे. अमरावती जिल्ह्यांतील 30 गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला. गांवांतीलच कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन विचारपूस केली, गरजूंस समुपदेशकाकडे व डॉक्टरांकडे नेलें. विषण्णतेनें ग्रासलेल्यांपैकीं उपचार घेणाऱ्यांचें प्रमाण अठरा महिन्यांत शेंकडा 4.3 वरून 27.2 वर गेलें. यावरून मोठ्या इमारतीवांचून काम अडत नाहीं, हें दिसून येईल.

आमची सूचना अशी कीं, महिन्यांतील एक ठराविक दिवस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनाच्या आजारासाठीं राखावा व औषधांचा सांठा तेथेंच असावा. आशा सेविकांस यांचें शिक्षण द्यावें. मात्र काम वाढविल्यास मोबदलाही वाढवावा. दरडग्रस्त गांवांत दरवर्षीं मृगापूर्वीं एक फेरी व्हावी. 14416 हा रात्रंदिवस चालणारा मोफत दूरध्वनि क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. पण डोंगरकपारीच्या वाडींत फोन लागेलच असें नाहीं, म्हणून माणसाची जागा त्यास देऊं नये.

आपल्या बैठकींत बियाणें, खतें व कर्ज यांची चर्चा होते. जो शेजारी दोन हंगाम बांधावर आला नाहीं, त्याचीही चौकशी त्याच बैठकींत व्हावी. मृग लागण्यापूर्वीं आपल्या संघानें तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे वरील मागण्यांचा अर्ज पाठवावा आणि त्यावर काय उत्तर आलें, तें याच मासिकांत छापावें, अशी आमची सभासद बंधुभगिनींस विनंति आहे.