फी माफ, पण भाकरीचें काय?

दरवर्षीं जून उजाडला, कीं आमच्या ओट्यावर एक-दोन शेतकरी बंधु येऊन बसतात. “गुरुजी, पोरगं बी. एस्‌सी. झालं. युनिव्हर्सिटीत नंबर लागलाय. धाडावं का नको?” विचारतांना त्यांचा हात खिशांतील कागदावर असतो. त्या कागदावर फी नसते. खोलीचें भाडें व खाणावळीचा आंकडा असतो.

फीची वाट पुष्कळ सोपी झाली, हें आम्ही आधींच कबूल करितों. २०२४ सालीं राज्य सरकारनें वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत असलेल्या मागास व दुर्बळ वर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी व परीक्षा-फी माफ केली. पण मुलगी पावतीवर जेवत नाहीं, कीं पावतीवर निजत नाहीं! बारावीपर्यंत तिला एस. टी.चा पास फुकट. कॉलेजांत पाऊल टाकलें, कीं पैसे मोजावे लागतात.

आमच्या शाळेंतून गेलेला एका सुताराचा मुलगा एका मोठ्या विद्यापीठांत एम. एस्‌सी.स दाखल झाला. वसतिगृहाच्या यादींत नांव लागलें नाहीं. चौघांत एक खोली, रात्रीं हॉटेलांत काम, सकाळीं प्रयोगशाळेंत डुलक्या. ७५ टक्के हजेरी भरली नाहीं. दुसऱ्या सत्राची परीक्षा न देतांच तो परतला व आज बापाशेजारीं रंधा मारतो. रंध्यास आम्ही हलका लेखीत नाहीं. परंतु तो त्यानें निवडला नव्हता. गांव म्हणतें, “डोकं चाललं नाही.” हें साफ खोटें! डोकें चालत होतें. पोट रिकामें होतें.

आपल्या थोरांनीं हें दुखणें केव्हांच ओळखलें होतें. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हें महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें रोखठोक मांडलें. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत १९०१ सालीं मराठा बोर्डिंग काढलें. पुढें इतर जातिधर्मांच्या मुलांसाठींहि बोर्डिंगें उघडलीं. शहरांत टेकायला जागा नसेल, तर खेड्यांतील मुलास शाळा उघडी असून नसल्यासारखीच, हें त्यांनीं जाणलें. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें बोर्डिंग काढलें. तें चालावें म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. मुलांनीं स्वतः राबून शिकावें, ही भाऊरावांची शिकवण. तीच ‘कमवा व शिका’ म्हणून आज आपल्या विद्यापीठांत चालते.

१९६२ सालीं निघालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांतहि ती आहे. या योजनेंतील मुलाचें काम विद्यापीठाच्या आवारांतच असतें. त्यामुळें तास बुडत नाहीं, रात्र जळत नाहीं, आणि कमाई खाणावळीस उपयोगी पडते. हॉटेलांतल्या रात्रपाळींत व या कामांत हाच फरक आहे. तो आमच्या सुताराच्या मुलास लाभला असता, तर आज त्याच्या हातीं पदवी असती.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. प्रवेशाची यादी लागेल त्याच दिवशीं वसतिगृहाची यादी लागावी; म्हणजे बापास बैल विकण्यापूर्वीं हिशेब कळेल. आणि जितक्या गरीब मुलांस प्रवेश, तितक्यांस निवारा किंवा आवारांतलें काम मिळावें.

बंधूंनो, आपलेंहि कांहीं कर्तव्य आहे. प्रवेशाच्या अर्जाबरोबरच वसतिगृहाचा व ‘कमवा व शिका’चा अर्ज मागा, लाजूं नका. जत्रेच्या वर्गणींतून चार पोतीं जोंधळा शहरांत शिकणाऱ्या गांवच्या मुलामुलींसाठीं बाजूस काढा. ओट्यावर बसलेल्या बापास आमचें उत्तर ठरलेलें आहे: धाडा. मुलीलाहि धाडा. पण भाकरीची सोय पुसूनच धाडा.