खुणेवर नको, नजरेसमोर सुई हवी

यकृतात पू साचला, मूतखड्याने वाट अडून मूत्रपिंड फुगले किंवा मूत्रपिंडाचा तुकडा तपासायचा असला, की पोटात सुई घालावी लागते. अनेकदा सोनोग्राफीच्या खोलीत कातडीवर पेनाने खूण केली जाते आणि सुई मात्र नंतर वॉर्डात टोचली जाते. दरम्यान रुग्ण कूस बदलतो आणि श्वासागणिक मूत्रपिंड काही सेंटीमीटर खाली-वर सरकते. खूण तिथेच राहते, अवयव राहत नाही. याउलट थेट सोनोग्राफीखाली रुग्णाला पालथे झोपवून मूत्रपिंडाचे खालचे टोक पडद्यावर धरतात, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिथून दूर असतात. सुईचे टोक पांढऱ्या रेघेसारखे आत उतरताना दिसते, ‘श्वास रोखा’ म्हटले जाते आणि क्षणात तुकडा निघतो. लगेच डॉप्लरने रक्तस्राव होतो आहे का, तेही पाहता येते. मूत्रपिंडासाठी आणि यकृतातल्या खोल गाठींसाठी हीच पद्धत जिल्हा रुग्णालयांतही नियम झाली पाहिजे.

अनुभवी हाताला पडद्याची गरज नसते, असे म्हटले जाते. कातडीलगतच्या मोठ्या गळवाबाबत ते चालून जाईल. पण अनुभवाला आतली रक्तवाहिनी दिसत नाही, आणि तालुक्याच्या रुग्णाला अनुभवी हात भेटेलच याची खात्री कोण देणार? सोनोग्राफीने रक्तस्रावाचा धोका शून्यावर येत नाही आणि आतड्यातील वायूआड काही भाग लपतो, हे खरे; अशा वेळी सीटी स्कॅन लागतो. तरीही सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही आणि यंत्र रुग्णाच्या खाटेपर्यंत नेता येते.

सर्वांत गंभीर आक्षेप सोनोग्राफी यंत्राच्या गर्भलिंगनिदानासाठी होणाऱ्या गैरवापराचा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्येच याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुलीच होत्या. म्हणून कायदा सैल करण्याची मागणी मला मान्य नाही, आणि तशी गरजही नाही. नोंदणी झालेले फिरते यंत्र त्याच रुग्णालयातील दाखल रुग्णापर्यंत नेण्यास नियमांत वाट आहे. उणीव आहे ती प्रशिक्षित माणसांची. जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना रेडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली हे काम शिकवणे आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवणे सरकारच्या हातात आहे. मुलींचे रक्षण करणारा कायदा हे रुग्णावर अंदाजाने सुई चालवण्याचे कारण होऊ शकत नाही.