खापर भगतावरच का?

संपादक महोदय,

कर्करोगाचे आदिवासी रुग्ण भगताकडे वेळ दवडतात म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात उशिरा पोहोचतात, हे आपल्या लेखातलं निदान एकांगी आहे. मोखाड्याच्या पाड्यावरून टाटा रुग्णालय गाठायचं तर जीप, कसाऱ्यापर्यंत एसटी, पुढे लोकल आणि वर बुडालेली मजुरी. उपचार मोफत झाले तरी हा खर्च चुकत नाही. पाड्यावर डॉक्टर जायला तयार नसतात, ही सबबही लंगडी. टाटानेच १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुख तपासलं. तपासणीच्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. कर्करोगात तंबाखूचा दोष मान्य, पण तंबाखूची मशेरी लालबागेतही भाजली जाते. आशाताईंना ही तपासणीच शिकवा, बायोप्सी तालुक्यालाच होऊ द्या; भगताचा हिशेब त्यानंतर मांडू.

— एक वाचक, लालबाग